शिवसागरावर एक मोकळा दिवस

मुलांनो, सहलीच्या आदल्या रात्री तुम्हाला झोप लागते का? खरं सांगा हं! मला तर अजूनही लागत नाही, आणि आता तर मी स्वतः शाळेत बाई आहे. उशाशी दशम्यांचा डबा, दारात बूट, आणि डोळे टक्क उघडे. त्यात सहल पाण्यातली असेल तर बघायलाच नको.

आमची शाळा सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. इकडे द्राक्षबागा भरपूर, पण डोळे भरून पाहावे असे पाणी नाही. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी पाणी पाहिले होते ते विहिरीचे, शेततळ्याचे आणि कालव्याचे. म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही पाचवी ते सातवीची बावीस मुले आणि तीन शिक्षक साताऱ्याच्या शिवसागर जलाशयावर गेलो. कोयना धरणामुळे तयार झालेले हे सरोवर. त्या दिवशी आमचा बेत पार फिसकटला. ठरवले ते झाले नाही, आणि जे झाले ते ठरवलेलेच नव्हते! ती गंमत आज तुम्हाला सांगायची आहे. शेवटी तुमच्या सहलीसाठी थोडी माहितीही दिली आहे. तेव्हा आई-बाबांनाही शेजारी बसवून घ्या.

संगमापासून सुरुवात

पहाटे चारला गाडी सुटली. उजाडता उजाडता आम्ही कराडला पोचलो आणि प्रीतिसंगमावर दशम्या-चटणी खाल्ली. इथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. आणि इथेच कृष्णा आणि कोयना या दोन नद्या भेटतात. भेटतात त्याही कशा? अगदी समोरासमोर! एक इकडून येते, दुसरी तिकडून, आणि मग दोघी मिळून वळतात आणि आपल्या सांगलीकडे निघतात.

दोघींचे माहेर एकच, महाबळेश्वर. कृष्णा डोंगर उतरून वाईकडे जाते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कुशीतून सरळ दक्षिणेकडे धावते. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेला वळते आणि कराडला येते. या वळणाजवळच कोयनेवर सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण बांधले आहे. १९५० च्या दशकात काम सुरू झाले आणि साठच्या दशकात धरण उभे राहिले. मागे पाणी तुंबत गेले, तुंबत गेले, आणि कोयनेची अख्खी दरीच भरली. तोच शिवसागर. त्याची लांबी पन्नासएक किलोमीटर!

"बाई, मग आपण नदीच्या शेवटापासून सुरुवातीकडे चाललोय," सहावीतली एक मुलगी म्हणाली. बरोबरच होते तिचे. तुम्हीही जाल तेव्हा असेच करा. आधी संगम पाहा, मग सरोवर. म्हणजे पाणी कुठून कुठे जाते हे नकाशा न उघडताच कळते.

पाटीवरचे गणित

आमचा बेत होता वासोट्याचा. वासोटा हा घनदाट जंगलातला किल्ला. शिवाजी महाराजांनी त्याला व्याघ्रगड असे नाव दिले. बामणोलीच्या घाटावरून बोटीने पलीकडे जायचे, मग जंगलातून चढायचे. वरून कोकणात कोसळणारा उभा कडा दिसतो, त्याला बाबूकडा म्हणतात. मुलांनी आठवडाभर वासोट्याचाच जप लावला होता.

पण उंब्रजच्या पुढे आमच्या गाडीचे चाक बसले. चाक बदलण्यात तास गेला. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून, कासचे पठार ओलांडून बामणोलीला पोचायला पावणेअकरा वाजले. आम्ही धरले होते साडेआठ.

आता काय करायचे? मोठ्या माणसांची एक सवय असते. आपण ठरवतो आणि मुलांना सांगतो, "आज वासोटा रद्द." मग मुले रुसतात, आणि त्यांचे खरेही असते. मी ठरवले, निर्णय मुलांनीच घ्यायचा. सातवीच्या मुलांना वही काढायला लावली आणि बोटवाल्या मामांना एकेक वेळ विचारायला सांगितले.

बोटीने वासोट्याच्या पायथ्याला जायला दीड तास. म्हणजे वाजले सव्वाबारा. वनखात्याच्या चौकीवर नोंद आणि लहान मुलांना घेऊन चढाई, मिळून अडीच तास. पावणेतीन. वर निदान अर्धा तास तरी थांबायला हवे. सव्वातीन. उतरायला दोन तास. सव्वापाच. परत बोट दीड तास. पावणेसात!

"आणि जानेवारीत सूर्य कधी मावळतो?" मी विचारले.

"सव्वासहाच्या सुमाराला," कोणीतरी हळूच म्हणाले.

म्हणजे अर्धा तास काळोखात, उघड्या पाण्यावर, बावीस मुलांना घेऊन. शिवाय कोणाचा पाय मुरगळला, कोणाला उलटी झाली, तर त्यासाठी हिशेबात एक मिनिटही शिल्लक नाही. मुले एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी सातवीतलाच एक मुलगा, जो वासोट्यासाठी सर्वांत जास्त हट्ट धरून बसला होता, तोच म्हणाला, "नको बाई. पुढच्या वर्षी पहाटे दोनला निघू." आणि पाठ फिरवून पाण्याकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. मी मुद्दामच काही बोलले नाही.

मोकळा दिवस म्हणजे वाट्टेल ते करायचा दिवस नव्हे, बरं का. मोकळा दिवस म्हणजे ज्यातून एखादी गोष्ट वगळता येते असा दिवस. काय वगळायचे हे ज्याला वेळेवर कळते, त्याचीच सहल चांगली होते.

घाटावरचा अर्धा तास

मग दुसरा बेत ठरला. बोटीने त्रिवेणी संगमापर्यंत जायचे, दत्तमंदिर पाहायचे, तिथेच जेवायचे आणि परत यायचे. दोन बोटी ठरवल्या. आणि इथे दुसरी अडचण आली. पहिल्या बोटीत सगळ्यांना जॅकेट मिळाले. दुसऱ्या बोटीत लहान मापाची चार जॅकेट कमी पडली. मोठी होती, पण ती पाचवीतल्या मुलांच्या खांद्यावरून घसरत होती. असे जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जाते. त्याचा उपयोग काय?

बोटवाले मामा म्हणाले, "थांबा बाई. एक बोट येतीयाच. तिच्यातली घेऊ."

मुलांनी कुरकुर केली. एकजण म्हणाला, "बाई, मला पोहता येतं. मला नको जॅकेट."

त्याला मी घाटावरच दोन गोष्टी सांगितल्या. तुम्हालाही सांगते. पहिली माझीच. डी.एड. ला असताना आम्ही मैत्रिणी एका तलावावर गेलो होतो. बोटीत जॅकेट होती, पण बाकाखाली ढीग करून ठेवलेली. फोटो चांगले येत नाहीत म्हणून आम्हीच घातली नाहीत. दुपारी वारा सुटला आणि बोट अशी काही डोलायला लागली की आम्ही ओरडत बाकाखाली हात घातला. पट्ट्या एकमेकींत अडकलेल्या! भीतीने बोटे थरथरत होती, गाठ सुटेना. कसेबसे काठाला लागलो. त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे: जॅकेट काठावरच घालायचे आणि काठावरच काढायचे.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची, आणि ती दुःखाची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी, पुरातून सुटका करून घेण्यासाठी माणसे बोटीत बसली आणि ती बोट उलटली. बायका, मुले, अनेकांचा जीव गेला. बोटीत मावतील त्याहून जास्त माणसे होती, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. ती माणसे सहलीला निघाली नव्हती. त्यांना थांबण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे. मग अर्धा तास थांबायला आपले काय जाते?

पोहणाऱ्या गड्याने मुकाट्याने मान हलवली.

आणि गंमत बघा, त्या अर्ध्या तासातच आम्हाला खरा शिवसागर दिसला! काठाला एक तराफा आला. तराफा म्हणजे सपाट, रुंद लोखंडी नाव. तिच्यावर चक्क एक जीप आणि तीन मोटारसायकली उभ्या होत्या. त्या घरंगळत उतरल्या आणि रस्त्याने निघूनही गेल्या. मग एक लाँच आली. तिच्यातून पिशव्या घेतलेली माणसे उतरली, गॅसच्या टाक्या चढल्या, तांदळाची पोती चढली. एक आजी काठी टेकत घाटावर बसल्या होत्या. त्यांनी आमच्या मुलांना जवळ बोलावले.

"कुठली गं पोरं तुम्ही?"

"तासगावकडची, आजी."

"लांबनं आलाय की! पाण्यात फिराया?"

"हो. तुम्ही पण?"

आजी हसायला लागल्या. "मी कशाला फिरू? मी दवाखान्यातनं आले. आता घरला निघाले. आमची येष्टी म्हंजी हीच बघा."

मुले लाँचकडे बघतच राहिली. आम्ही जिच्यात बसून सेल्फी काढणार होतो, तीच आजींची एस.टी.!

पाण्याखाली काय आहे?

जॅकेट आली, पट्ट्या आवळल्या, शिट्टी वाजवून हजेरी घेतली आणि आम्ही निघालो. जानेवारीतले पाणी गर्द हिरवे. दोन्हीकडे डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. काठाच्या वाळलेल्या फांदीवर पाणकावळे पंख पसरून उन्हात वाळवत बसलेले. निळा खंड्या बाणासारखा गेला. मामांनी सांगितले की सकाळी लवकर आलात, तर काठावर पाण्याला आलेले गवेही दिसतात.

पश्चिमेचा डोंगर म्हणजे कोयना अभयारण्य. १९८५ साली ते जाहीर झाले आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली काही ठिकाणे जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत कास आणि कोयना दोन्ही आहेत. म्हणजे त्या सकाळी आम्ही एका वारशातून दुसऱ्या वारशात उतरलो होतो.

सरोवराच्या मध्यावर मी मामांना मशीन बंद करायला सांगितले. एकदम शांतता! लाटा बोटीच्या अंगाला चुबुक चुबुक करत होत्या. शेवटी पाचवीतल्या सर्वांत लहान मुलीने विचारले, "मामा, खाली काय आहे?"

मामांनी बोटाने दाखवले. "खाली? खाली शेतं हाईत. भातखाचरं. तिकडं नदी होती. त्या अंगाला वाडी होती. माझ्या आजोबांचं घर पाण्यातच हाय."

धरण झाले तेव्हा शंभरच्या आसपास गावांना या पाण्याची झळ बसली. हजारो कुटुंबे उठली. काही डोंगरावर वर सरकली आणि तिथेच पुन्हा वस्ती करून राहिली. काहींना ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत जमिनी दिल्या गेल्या. भात पिकवणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या माणसांनी अनोळखी माळावर पुन्हा घर मांडायचे, हे किती अवघड असेल! जमीन मिळाली नाही, सोयी मिळाल्या नाहीत, म्हणून या लोकांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलने करावी लागली.

उन्हाळ्यात पाणी उतरले की काही ठिकाणी जुन्या देवळांचे चौथरे, घरांची जोती उघडी पडतात. मामा म्हणाले, "देव वर आणला आम्ही. पण दारातली चिंच खालीच ऱ्हायली."

बोटीत कोणी बोलले नाही. मामांनी मशीन चालू केले.

कोयनेला सोळशी आणि कांदाटी या नद्या जिथे मिळतात, त्याला त्रिवेणी संगम म्हणतात. सरोवर इथे हाताच्या बोटांसारखे तीन दऱ्यांत शिरलेले दिसते. दत्तमंदिर पाहून आम्ही झाडाखाली डबे उघडले. कोणाची शेंगदाण्याची चटणी, कोणाचे भडंग, कोणाच्या बेदाण्याच्या पुड्या. मामांनाही आग्रहाने वाढले.

आल्प्समधली सरोवरे

जेवताना मी मुलांना दूरच्या देशातली एक गोष्ट सांगितली. शिवसागराच्या वरच्या टोकाला तापोळा गाव आहे. त्याला लोक कौतुकाने 'मिनी काश्मीर' म्हणतात. पण सरोवर, डोंगर आणि बोट म्हटले की जगाला आठवतो तो स्वित्झर्लंड.

तिथले ल्युसर्न सरोवर फार प्रसिद्ध आहे. आपला शिवसागर माणसाने धरण बांधून केला. आल्प्समधली मोठी सरोवरे बर्फाने केली. हजारो वर्षांपूर्वी बर्फाच्या प्रचंड नद्या डोंगरावरून सरकत खाली आल्या, त्यांनी दऱ्या खोल खरवडल्या, आणि बर्फ वितळल्यावर तिथे पाणी साठले. ल्युसर्न सरोवर २१४ मीटर खोल आहे. म्हणजे आपले कोयना धरण एकावर एक दोनदा उभे केले तरी पाण्याखाली बुडून जाईल!

त्या सरोवरावर १८३७ सालापासून वाफेच्या बोटी धावत आहेत. बाजूला मोठे चाक असलेल्या पाच जुन्या आगबोटी अजूनही तिथे चालतात. त्यांतली सर्वांत जुनी १९०१ सालची आहे. या बोटी वेळापत्रकाप्रमाणे गावोगावच्या धक्क्यांना लागतात, अगदी आपल्या एस.टी.सारख्या. दिवसाचा पास काढला की आवडेल त्या गावाला उतरायचे, फिरायचे, आणि पुढची बोट आली की पुन्हा चढायचे. आपल्या एस.टी.ची 'आवडेल तेथे प्रवास' योजना आहे ना, तशीच पाण्यावरची!

"मग तिथे बोट फक्त फिरायला असते?" एकाने विचारले.

मुळीच नाही. त्याच देशात वालेन नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठी क्विंटेन नावाचे चिमुकले गाव आहे. मागे उभा कडा, पुढे पाणी. गावाला मोटारीचा रस्ताच नाही. यायचे तर बोटीने, नाहीतर डोंगरातून पायी. तिथल्या लोकांचीही 'येष्टी' म्हणजे बोटच.

आणि इटलीच्या उत्तरेला, आल्प्समध्येच, रेशेन नावाचे सरोवर आहे. ते धरणाचे. १९५० साली तिथले ग्राउन नावाचे गाव पाण्याखाली गेले. घरे पाडली, पण चर्चचा जुना मनोरा तेवढा ठेवला. आजही तो मनोरा पाण्यातून एकटाच वर डोकावतो. दूरदूरचे लोक त्याचे फोटो काढायला येतात.

"म्हणजे त्यांचीही चिंच खालीच राहिली," पाचवीतली ती मुलगी म्हणाली.

मला वाटले, सगळ्या सहलीचे पैसे वसूल झाले.

पाणी जाते कुठे?

परतताना आम्ही एक गणित केले. तुम्हीही करून बघा. धरणांचे पाणी टी.एम.सी.मध्ये मोजतात. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक घनफूट म्हणजे २८ लिटरहून थोडे जास्त. तेव्हा एक टी.एम.सी. म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. पाच लाख वस्तीचे एक शहर घ्या. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरा. रोजचे झाले पावणेसात कोटी लिटर. म्हणजे एक टी.एम.सी. पाणी त्या शहराला ४१९ दिवस पुरेल, वर्षाहून जास्त! आणि शिवसागरात मावते सुमारे १०५ टी.एम.सी.

या पाण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट उलटी, पश्चिमेला. डोंगराच्या पोटातून बोगद्याने पाणी साडेचारशे मीटरहून अधिक खाली पोफळीकडे सोडतात. तिथे वीज तयार होते आणि पाणी वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. १९६२ साली इथे वीजनिर्मिती सुरू झाली. आज कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

दुसरी वाट नदीची, पूर्वेला. कोयना, कराड, कृष्णा, सांगली. वाटेत टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पंप कृष्णेचे पाणी उचलतात आणि कोरड्या तालुक्यांच्या माळावर नेतात. आटपाडी, जत, कवठे महांकाळ, आणि आमचे तासगावसुद्धा. उन्हाळ्यात नदी आटू नये म्हणून कोयनेतून पाणी सोडतात.

"म्हणजे आमच्या बागेला येतं ते पाणी या तलावातलं?" वासोट्याचा हट्ट धरणारा मुलगा सकाळपासून पहिल्यांदाच मोठ्याने बोलला.

त्यातले काही नक्की इथलेच. मग तो बराच वेळ हात पाण्यात सोडून बसला. मी त्याला "हात आत घे" म्हणून रागावले, कारण तोही नियमच आहे. पण मनातून मला त्याचा राग आला नव्हता.

मुलांनो, शेवटची गोष्ट सांगते. २०२२ च्या जानेवारीत वृत्तपत्रांत एक बातमी आली होती. याच जलाशयाच्या काठी जावळी तालुक्यात खिरखिंडी नावाचे गाव आहे. तिथल्या मुली रोज शाळेसाठी स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडत, आणि पुढे काही किलोमीटर जंगलातून चालत. त्या जंगलात अस्वले आहेत. ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि या मुलींसाठी काय करणार, असे सरकारला विचारले. कोणी अर्ज केला नव्हता, बरं का! मुलींचे वल्हवणेच न्यायालयापर्यंत पोचले.

आता या जलाशयावर पर्यटन वाढते आहे. २०२४ मध्ये मुनावळे येथे पाण्यातल्या खेळांचे केंद्रही सुरू झाले. छानच आहे ते. बोटवाल्यांना रोजगार मिळतो, तरुणांना गाव सोडावे लागत नाही. पण आपण जिथे शिट्ट्या मारत फिरतो, ते कोणाचे तरी अंगण होते, आणि आज कोणाचा तरी शाळेचा रस्ता आहे. एवढे लक्षात ठेवून फिरायचे.

तुमच्या दिवसासाठी

• साताऱ्याहून बामणोली पस्तीस-चाळीस किलोमीटर. साताऱ्याच्या स्थानकावरून एस.टी. आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची वेळ आधी विचारा.

• सकाळी नऊच्या आत घाटावर पोचलात तरच वासोट्याचा विचार करा. पावसाळ्यात तिकडे बंदी असते. एरवीही निघण्यापूर्वी वनखात्याची परवानगी आणि वेळा विचारून घ्या. जंगलात मुक्काम करता येत नाही. जवळचे प्लॅस्टिक जेवढे नेले तेवढे परत आणा.

• अर्धाच दिवस हाताशी असेल तर त्रिवेणी संगम आणि दत्तमंदिर. महाबळेश्वरहून येत असाल तर तापोळ्याच्या घाटावरूनही बोटी मिळतात.

• भाडे माणशी नसून बहुधा बोटीमागे असते. दोन-तीन कुटुंबे मिळून जा. दर आणि माणसांची मर्यादा बसण्याआधी विचारा.

• अगदी लहान भावंडे असतील तर महाबळेश्वरचे वेण्णा सरोवर बरे. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी ते १८४२ साली बांधून घेतले. तिथे वल्ह्याच्या होड्या मिळतात.

• येताना वेळ उरला तर कास तलावाकाठी थांबा. सातारा शहराला त्याचे पाणी जाते, म्हणून त्यात पाय बुडवू नका.

• पालकांना एक विनंती. मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल तर थांबा, नाहीतर बेत बदला. मुले रुसतील, तासाभराने विसरतील. आणि बेत बदलताना हिशेब त्यांच्यासमोर मांडा. आपण त्यांना समजतो त्याहून ती जास्त शहाणी असतात.

आम्ही संध्याकाळी पाचला साताऱ्याकडे निघालो. उजेड होता. घाटावर आमची लाँच पुन्हा भरत होती. कोणी शाळेतून परतत होते, कोणी बाजारातून. आमच्या मुलांनी खिडकीतून हात हलवले. लाँचमधल्या दप्तरवाल्या मुलांनीही हलवले.

परत आल्यावर मी 'माझी सहल' असा निबंध लिहायला दिला. वासोट्याच्या मुलाने शेवटी लिहिले होते, "आम्ही वासोटा पाहिला नाही. पण आमच्या कालव्याचे गाव पाहिले."

तुमच्या गावात नळाला, पाटाला येणारे पाणी कुठून येते? आई-बाबांना विचारा, गुरुजींना विचारा. नकाशात त्याची वाट रंगवा. आणि जमले तर एक दिवस काढून ते पाणी जिथून निघते तिथवर जाऊन या. बेत जरूर करा, पण तो बदलायची तयारीही बरोबर न्या. दशम्यांच्या डब्याइतकीच ती उपयोगी पडते!